गाडीच्या पोटाखालची हवा

धान कापून झालं की आमच्याकडची हवा बदलते. कालपर्यंत बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, जे सळसळत होतं ते एकदम बंद पडतं. कापलेल्या धानाच्या कडपा शेतात आडव्या पडलेल्या असतात, कुठे कुठे त्यांची उंच पुंजणी रचून झालेली असतात, आणि सकाळी गावाबाहेर पडावं तर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, गोडसर, किंचित कुजका वास नाकात बसतो. वारा असतो, पण त्याला हलवायला काही उरलेलं नसतं, म्हणून तो दिसत नाही. यंदा पुण्यातल्या माझ्या खोलीची खिडकी उघडली तर समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी गवत कापून ठेवलेलं. तोच वास. हातातला चहा तसाच गार झाला. मी खिडकी लावून घेतली, आणि एवढ्याशा गवताला घाबरल्याबद्दल स्वतःवरच चिडले.

हवा या शब्दाला आमच्या गावात फार कामं असतात. झाडं हलवते ती हवा. पाऊस येणार की नाही ते कळतं तीही हवा. आणि भर दुपारी तलावाच्या बांधावरून, म्हणजे पाळीवरून, एकटी चालत आलेली नवी सून घरी येऊन गप्प बसली, जेवेना, कुणाकडे बघेना, तर तिला लागलेली असते तीसुद्धा हवाच. ‘हवा लागली’ एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना सगळं समजलेलं असतं.

मला पुण्याला मोटारींच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मायनं गल्लीभर सांगितलं, “आमची अर्चू हवेचं पायते. मोठ्या मोठ्या गाड्यायची.” तिचं काही चुकलं नव्हतं. मोटारीभोवतीची हवा कशी वाहते याचं कम्प्युटरवर गणित मांडायचं, ज्याला आम्ही सिम्युलेशन म्हणतो, ते माझं काम. पण गल्लीनं ऐकायचं तेच ऐकलं. दिवाळीला घरी गेले तर शेजारची काकू सुनेला घेऊन ओसरीवर हजर. पोरगी डोक्यावरून पदर घेऊन जमिनीकडे बघत बसलेली.

“बाई, हिले जरा पाय ना वो,” काकू म्हणाली. “दसऱ्यापासून अन्न गोड लागून नाई राहिलं हिले. तू हवेचं पायते म्हने.”

“काकू, मी गाड्यायचं पायते वो.”

“मंग? गाडीले लागते ते मानसाले नाई लागत का?”

मी पोरीला गोंदियाच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं, तिचं रक्त कमी निघालं, गोळ्यांनी ती बरी झाली आणि श्रेय मला मिळालं. ऑफिसात हा किस्सा मी फार रंगवून सांगायची. काकूची नक्कल करायची, सगळे पोट धरून हसायचे. आता मी तो सांगत नाही.

नवी गाडी आली की लोक तिचं तोंड बघतात, मी पोट बघते. रस्ता आणि पत्रा यांच्या मधल्या वीतभर जागेत काय चाललेलं असतं याचा विचार चालवणाऱ्यानं करायचं कारण नसतं. पण तिथे फार गर्दी असते. समोरून आलेली हवा त्या फटीत घुसते, चेपली जाते, वेग घेते, आणि सायलेन्सरच्या नळीला, चाकांना, आडव्या दांड्यांना अडखळत, भोवरे करत मागून बाहेर पडते. ती जितकी अडखळते तितकी गाडी जड चालते. पोट सपाट झाकलं, शेवटाला ते थोडं वर चढवलं, तर हवा शहाण्यासारखी निघून जाते आणि जाता जाता गाडीला रस्त्यावर दाबून धरते. वाट चुकली की उलटं होतं. गाडी हलकी होते. बोटभर रुंदीची पट्टी पोटावर कुठे लावायची यावरून आम्ही महिना महिना भांडतो, आणि त्या भांडणात मला फार मजा येते.

हे गणित मांडताना हवेची बारीक बारीक घरं पाडावी लागतात. आमच्या बांध्यांसारखंच असतं ते. एका बांधीतलं पाणी दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. प्रत्येक घरानं शेजारच्याला विचारायचं, तुझ्याकडून किती येतंय, मी पुढे किती सोडू? अशी लाखो घरं एकमेकांना विचारत राहतात आणि हळूहळू सगळ्यांचं एकमत होतं. एकमत झालं की उत्तर आलं. यात नवशिकी मुलं एक चूक हमखास करतात. ती गाडी पळवायला बघतात. कम्प्युटरमध्ये गाडी पळवायची नसते. ती जागेवर उभी असते आणि रस्ता तिच्याखालून मागे पळवायचा असतो. चाकं जागच्या जागी फिरतात, रस्ता सरकतो, समोरून हवा येते. आणि त्या गाडीत कुणीही नसतं. बाहेरच्या हवेला आतल्या माणसाशी देणंघेणं नसतं, म्हणून आत बसायला जागाच केलेली नसते. काचांच्या मागे सगळं भरीव.

मध्यंतरी मी एका मॉडेलमध्ये चालकाची जागा कोरून तिथे माणसाचा आकार बसवला. साहेबांनी विचारलं, “हा कशाला?” मी म्हणाले, चुकून राहिला. मग तो काढून टाकला.

हे सगळं ज्या वर्षी बदललं त्या वर्षीची गोष्ट सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, बाजार, दंडारीचे खेळ, नाटक, पाहुणे. आमच्या गावची मंडई आटोपून मी पुण्याला निघाले आणि दादा मला सौंदडच्या स्टेशनवर सोडायला आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. धानाचा व्यापार करतो, बोलतो कमी, आणि गाडी इतकी जपून चालवतो की वहिनी म्हणते, “यायच्या गाडीले बैल ओव्हरटेक करते.” त्या सकाळी दाट धुकं होतं. त्यानं माझी बॅग डब्यात चढवून दिली, नेहमीसारखं “पोचली का फोन कर” म्हणाला आणि गेला. माझी गाडी गोंदियाला लागायच्या आत वहिनीचा फोन आला. दादाची गाडी तलावात गेली होती.

आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. गावात शिरायचा रस्ता ज्या पाळीवरून जातो ती पाळ आमच्याच कुणा पूर्वजानं घातली असं घरात अभिमानानं सांगतात. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोलात बांध्या, मधून डांबरी रस्ता. दादा जन्मापासून त्या पाळीवरून चालत आलेला. रस्ता सरळ आहे. खड्डा नव्हता, टायर फुटलं नव्हतं, ब्रेक शाबूत होते, समोरून कुणी आलं नव्हतं. शिंगाडे तोडायला डोंग्यातून निघालेल्या ढिवरांनी, तलावातल्या मासेमारांनी, त्याला काच फोडून बाहेर ओढलं, म्हणून तो वाचला. त्यांना धुक्यात काही दिसलं नव्हतं, फक्त ऐकू आलं. आवाजही मोठा नव्हता म्हणाले. कुणी घागर हळूच पाण्यात सोडावी एवढाच.

मी तशीच उलटी फिरले. दवाखान्यात दादा पाठीला उशी लावून बसला होता, खांद्याला पट्टी. मला बघून म्हणाला, “गाडी नाई गेली, अर्चू. गाडी तेथंच होती. रस्ता निघून गेला खालून.”

त्यानंतर ज्यानं त्यानं आपापलं ठरवून टाकलं. पारावरच्या लोकांच्या मते त्याची मंडईची उतरली नव्हती, आणि दादा तर दारूला शिवत नाही. वहिनीच्या मते पहाटे उठल्यामुळे डुलकी लागली. मायनं लिंबू उतरवलं, पाळीवर जाऊन नारळ फोडला आणि माघात पोराला कचारगडच्या यात्रेला नेईन असं कुणाला तरी कबूल करून आली. तिच्या लेखी प्रश्न मिटला होता. तलावाची हवा लागली होती पोराला. दादा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला, “मी झोपलो नवतो,” आणि वहिनी ज्या मायेनं “बरं, नवते झोपले” म्हणाली ते ऐकून तो उठून बाहेर गेला.

मी पुण्याला कळवून घरूनच काम करायची परवानगी घेतली आणि राहिले. त्यामुळे जे इतरांच्या लक्षात आलं नव्हतं ते माझ्या आलं. दादाची मुलगी तेव्हा नुकतीच चालायला लागली होती. चिमी. बाप दिसला की ती धडपडत जायची, त्याच्या गुडघ्याला मिठी मारायची आणि दोन्ही हात वर करायची. आधी तो जिथे असेल तिथून तिला उचलून खांद्यावर टाकायचा. आता तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि बाजूला व्हायचा. वहिनीला वाटे, खांदा दुखत असेल. पट्टी निघाली तरी त्यानं पोरीला उचललं नाही. चिमी रडून रडून थकली आणि मग तिनं हात वर करणं सोडून दिलं. ते बघवत नव्हतं.

एका दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला.

“अर्चू, स्टेअरिंग याच हातात होतं,” त्यानं दोन्ही तळवे समोर धरले. “घट्ट होतं. तरी गेलं. माह्या हातावर माहाच भरोसा नाई राहिला. आता पोरीले घेतलं अन् हिरीजवळ असलो, जिन्यावर असलो, अन् तसंच झालं तं?”

“दादा, असं काऊन होईन?”

“मंग तेथं काऊन झालं?” त्यानं तळवे मिटले. “तू पाय ना. तुह्या कम्प्युटरले विचार. हवा होती, का माहे हात होते. हवा असंन तं ठीक आहे. मंग हात चांगले आहेत माहे.”

अख्ख्या गावात हवा हा शब्द माझ्या अर्थानं वापरणारा तो एकटाच निघाला. मी म्हणाले, पाहते. आणि मला खात्री होती की मी त्याला त्याचे हात परत देईन.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून अंगणात आणून ठेवली होती. गोंदियाहून आलेल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, “मैडम, इसमें तो पूरा तालाब बैठा है.” त्यानं काम सुरू करण्याआधी मला तिचं पोट मोजायचं होतं. चाकांखाली फळ्या सरकवून गाडी थोडी उचलून घेतली आणि सतरंजी टाकून मी खाली सरपटत गेले. तलावातली वेल आसाला गुंडाळून वाळली होती. खाचांमधून बारीक पांढरे शंख चिकटलेले. पुढच्या बाजूला, खेड्यातल्या रस्त्यांसाठी म्हणून दादानं इंजिनाखाली बसवून घेतलेला लोखंडी पत्रा, दगड लागून लागून समोरून वर वाकलेला. तो बघून मला आनंदच झाला. चोर सापडला होता. असा वाकलेला पत्रा हवा पोटाखाली खेचून घेतो, मागे तिला वाट नसली की ती गाडीला वर ढकलते. त्यात पाळीवरचा आडवा वारा. मी टेप लावून मापं घ्यायला लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला गार लागतंय. डोक्याकडून पायाकडे एक झुळूक सारखी जात होती. कपाळावरून, गालावरून, गळ्यावरून, न थांबता, गाडीच्या पुढून मागे. चालत्या गाडीच्या पोटाखालून जाते तशी. मी मान वळवून अंगणाकडे बघितलं. दोरीवर मायचं लुगडं वाळत होतं. ते जराही हलत नव्हतं. मी कोपरं सोलवटून घेत बाहेर आले आणि राहिलेली मापं फोटोवरून घेतली.

सिम्युलेशन पुण्याच्या मशीनवर चालायचं आणि मी स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ, जिथे जरा नेटवर्क मिळे तिथे बसून त्याची चित्रं बघायची. खाली खळ्यावर धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू. घरांचं एकमत होत आलं की आलेखातली रेघ खाली उतरत उतरत आडवी पडते. ही रेघ आडवी पडायची आणि थोड्या वेळानं पुन्हा वर यायची. पुन्हा खाली. पुन्हा वर. पोटाखालून भोवरे सुटत असले की असं होतं, त्यात नवल नाही, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवते. तरी त्या रेघेकडे बघत बसले की माझा श्वास तिच्या तालात लागायचा. रेघ खाली थांबली की मीही थांबायची. हे लक्षात आलं की मी लॅपटॉप मिटून खाली जायची, आणि उगीचच वहिनीशी गप्पा मारायची.

एकदा दादा वर आला. मी रस्ता सरकतो आहे ते चित्र लावलं होतं. त्याची गाडी, तसाच वाकलेला पत्रा, जागेवर स्थिर. खालून राखाडी रस्ता मागे धावतोय. आजूबाजूला काही नाही. झाड, पाणी, आभाळ आम्ही घालत नाही, सगळं पांढरं असतं. तो उभ्या उभ्या बघत राहिला. मग भिंतीला हात लावून खाली बसला.

“असंच,” तो म्हणाला. “असंच होतं. सारं पांढरं. मी येथं, अन् रस्ता चालला खालून.”

“दादा, हे असंच दाखवा लागते. गणितासाठी. सगळ्याच गाड्यायचं असं असते.”

“तुले कसं मालूम पण?” त्यानं माझं ऐकलंच नव्हतं. तो स्क्रीनवरच्या काळ्या काचेकडे बघत होता. “आत कोन आहे?”

“कोनी नाई.”

“हो,” तो म्हणाला. “तेव्हा बी नवतं वाटत कोनी.”

इतकी वर्षं ज्या चित्राकडे मी भाजीवाल्यानं तराजूकडे बघावं तसं बघत होते, ते त्या दिवसापासून मला नीट बघता येईना.

उत्तर आलं. मला हवं होतं ते आलं नाही. पत्र्यामुळे गाडी हलकी होत होती हे खरं, पण दादा चालवतो त्या वेगाला किती, तर धानाचं एक पोतं डिकीतून काढून ठेवावं इतकीसुद्धा नाही. मी आडवा वारा वाढवला. पत्रा आणखी वाकवला. वेग दुप्पट केला, पाळीवर ज्या वेगानं कुणीही जाणार नाही तेवढा केला. चुकीचं आहे हे माहीत असूनही आकड्यांशी झोंबत राहिले, कारण खाली अंगणात एक लहान मुलगी बापापासून दूर बसून एकटीच मातीत खेळत होती. हवेनं काही ती गाडी उचलली नव्हती. हवा निर्दोष होती. म्हणजे दादाच्याच हिशेबानं दोष त्याच्या हातांचा होता, आणि हे त्याला मी सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. “चालू आहे अजून” म्हणत राहिले. तो रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि कामाला निघून जायचा.

मार्गशीर्ष संपत आला, उशिरा पिकणारं भारी धानही घरी आलं. गाडी दुरुस्त होऊन अंगणात उभी होती. तिला कुणी हात लावत नव्हतं. कोंबड्या तिच्या सावलीला बसायच्या, पण खाली जायच्या नाहीत. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. एका सकाळी तशीच धुक्याची चादर पडलेली दिसली आणि मी किल्ली घेतली. माय विहिरीवर होती, वहिनी चुलीपाशी. मला एवढंच बघायचं होतं की गणितात मी काय घालायचं विसरले.

जाताना काही झालं नाही. पाळ संपली, पलीकडे गाडी वळवली, परत निघाले. काचा उघड्या ठेवल्या होत्या. डावीकडे पाणी असणार, उजवीकडे बांध्या असणार, पण दोन्हीकडे एकसारखं पांढरं. वारा पार पडलेला. दादाच्या वेगानंच चालले होते. मग इंजिनचा आवाज लांब गेला. इतकंच पहिल्यांदा जाणवलं, की आवाज शेजारच्या गल्लीतून येतोय. आणि मी चालत नव्हते. मी जागेवर बसले होते आणि काळा रस्ता बॉनेटखाली शिरत होता, पोटाखालून सरकत होता, मागे जात होता. मी स्टेअरिंग वळवलं. विहिरीत बादली सुटली की दोर हातात हलका लागतो, तसं ते लागलं. पलीकडे काही नव्हतं. मी ओरडले असेन. ब्रेकवर दोन्ही पाय दिले.

गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड पाण्याकडे होतं. डावी चाकं कडेच्या गवतावर होती. मी उतरले आणि सवयीनं वाकून खाली बघितलं. तणस नव्हतं, तेल नव्हतं, चिखल नव्हता. कडेचं सगळं गवत दवानं ओलं, सरळ उभं. गाडीच्या पोटाखालचं मात्र मागे झोपलेलं होतं, समोरून जोराची हवा चालू असावी तसं, आणि तसंच थरथरत होतं. मी हात खाली घातला नाही. मी हवेचीच माणूस, तरी घातला नाही.

नंतर मी याचा पुष्कळ विचार केला आहे. धुक्यात डोळ्याला धरायला काही नसतं. स्टेशनात शेजारची आगगाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं, तसंच आपण चालतोय की रस्ता हे डोळा विसरत असेल. त्यात दादाचं बोलणं माझ्या डोक्यात होतं, स्क्रीनवरचं ते चित्र होतं. घाबरलेल्या माणसाच्या हातातली ताकद जाते, तेही खरं. डोळ्यांचं मला समजलं. हातांचं समजलं नाही. गवताचं तर मी कुणाला सांगितलेलंच नाही. त्यानंतर मी गाडी चालवलेली नाही. ऑफिसात थट्टा होते, गाड्यांच्या पोटावर पोट असलेली बाई बसनं येते म्हणून. पुण्याची ट्रॅफिक बघता का, असं म्हणून मी वेळ मारून नेते.

गाडी पाळीवरच सोडून मी चालत घरी आले. वारा नव्हता म्हणून वहिनी अंगणात टेबलफॅन लावून धान उफणत होती. कोंडा उडत होता, चिमी त्याच्या मागे धावत होती. दादा दारात उभा होता. गाडी जागेवर नाही हे त्यानं बघितलं होतं, आणि मी कुठून आले ते माझ्याकडे बघून त्याला कळलं असावं.

“पायलं?”

“पायलं.”

“हवा?”

“हवा नाई, दादा. मी सारं करून पायलं. एवढ्या वेगाले हवा गाडीचं काही करत नाई.”

त्यानं मान हलवली. त्याला ते आधीच माहीत असल्यासारखी. “मंग हातच,” तो म्हणाला.

“हात बी नाई,” मी म्हणाले. “आता माह्या बी हातातून गेली. तेथंच. रस्ता निघून गेला खालून.”

मग काय होतं, असं त्यानं विचारलं असतं तर माझ्याकडे काही नव्हतं. त्यानं ते विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो लहान मुलासारखं म्हणाला, “म्हंजे मी खोटं नवतो बोलून राहिलो.” इतके दिवस त्याला एवढंच हवं होतं की काय, असं मला वाटलं. तो अंगणात उतरला. कोंड्यामागे धावणाऱ्या चिमीला त्यानं मागून दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं, डोक्याच्याही वर. पोरगी आधी दचकली, मग अशी किंचाळली, अशी हसली की वहिनीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. माय पदरानं डोळे पुसत बाहेर आली. मी त्या क्षणी फार सुखी होते. ते मी कधी विसरणार नाही.

दादा पोरीला घेऊन माझ्याकडे आला. “आत्यानं आनले तुह्या बापाचे हात,” तो तिला म्हणाला. “जा, आत्याकडं जा.” चिमीनं बापाचा गळा सोडला आणि लहान मुलं झोकून देतात तशी, कसलाही विचार न करता, सगळी माझ्याकडे वाकली.

मी मागे सरले. “हात खराब आहेत माहे,” मी म्हणाले, आणि दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

दादानं पोरीला चटकन छातीशी धरलं. वहिनी हसत म्हणाली, “धुऊन ये ना वो मंग.” मी हो म्हणाले, पण हलले नाही. दादा माझ्या ओढणीकडे बघत होता.